वळिवड्याच्या संग्रहालयात यजमानांचे घरही दिसू द्या

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य



कोल्हापूरजवळ, मिरजेहून येणाऱ्या रेल्वेमार्गालगत, वळिवड्याच्या माळावर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले. त्या वसाहतीचे संग्रहालय व्हावे, ही चर्चा गेली काही वर्षे कोल्हापुरात आहे. २०१९ साली तिथे वाढलेली, आता वार्धक्याला पोचलेली पोलिश मंडळी पुन्हा येऊन गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिले आणि हा विषय महाराष्ट्रभर पोचला. संग्रहालय आज ना उद्या होईल. माझे म्हणणे त्याच्या आशयाविषयी आहे. आपण आश्रय दिला आणि ते कृतज्ञ राहिले, एवढ्या दोन वाक्यांत मावणारे दालन उभे राहू नये. युद्धकाळात ज्यांच्या दारात हे पाहुणे आले, त्या यजमानांच्या स्वतःच्या घरात तेव्हा काय चालले होते, हे त्याच दालनात, त्याच भिंतीवर दिसले पाहिजे. ते दिसल्याशिवाय आश्रयाची किंमत कळत नाही, आणि मदत म्हणजे नेमके काय काम असते, हेही कळत नाही.

हे लोक कोण होते, हे आधी थोडक्यात सांगायला हवे, कारण आपल्याकडे अजूनही अनेक जण त्यांना हिटलरच्या छळातून सुटलेले निर्वासित समजतात. बहुतेकांचे घर सोव्हिएत सत्तेने मोडले होते. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या आणि पुढच्या दोन वर्षांत लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडच्या लाकूडतोडीच्या वस्त्यांवर धाडली गेली. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा राजकारण फिरले. जुलैअखेरीस लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, कैद्यांना सोडण्यात आले आणि जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये हे सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले आणि त्याच्या आधाराने हजारो बायका-मुलेही बाहेर पडली. सगळे मिळून एक लाखाहून अधिक. उपासमार आणि टायफसने खंगलेल्या या माणसांना इराणमध्ये फार काळ ठेवता येत नव्हते. कुणी पूर्व आफ्रिकेत गेले, कुणी मेक्सिकोत, काही मुले न्यूझीलंडला. हिंदुस्थानात नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे अनाथ मुलांची छावणी काढली, कराचीजवळ संक्रमण छावण्या उघडल्या, आणि कुटुंबांसाठी वसाहत झाली ती वळिवड्याला. तिथे पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, अनाथालय होते, बालवीरांची पथके होती. पाच वर्षांत एक छोटे पोलिश गाव तिथे नांदून गेले.

आता या कथेचे जे रूप भाषणांतून आणि वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून रूढ झाले आहे, ते पाहू. कोल्हापूरच्या छत्रपतींनी उदार मनाने जागा दिली, करवीरच्या जनतेने मायेने सांभाळले, आणि ‘अतिथी देवो भव’ हे वचन खरे ठरले. यात खोटे असे काही नाही, पण पुष्कळ काही सुटते. छत्रपती राजाराम महाराजांचे नोव्हेंबर १९४० मध्ये निधन झाले होते. १९४३ साली गादीवर दत्तक आलेले अगदी लहान मूल होते आणि कारभार रीजन्सीच्या हाती होता. संस्थानी कारभारात अशा काळात ब्रिटिश सत्तेचा शब्द किती वजनदार असे, हे सांगायला नको. वसाहत वळिवड्याला होणे हा एका राजाच्या दयाळूपणाचा निर्णय नव्हता. हिंदुस्थान सरकार, ब्रिटिश युद्धयंत्रणा, लंडनमधले पोलिश सरकार, मुंबईतली पोलिश वकिलात आणि कोल्हापूर दरबार यांच्या व्यवहारातून तो निघाला. बालाचडीची सुरुवात संस्थानिकांच्या आणि इतर दात्यांच्या देणगीतून झाली, तर वळिवड्याचा मुख्य भार लंडनच्या पोलिश सरकारवर होता आणि ते सरकार स्वतः ब्रिटिश कर्जावर चालत होते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातल्या माणसांना मागे जायला देश उरला नाही, आणि त्यांच्या नावाने खर्च करणारे सरकारही उरले नाही. पुढे मित्रराष्ट्रांनी मदतकार्यासाठी काढलेली यूएनआरआरए ही संघटना छावणीच्या कामात आली. छावणी चालवणे म्हणजे काय, हे या व्यवहाराच्या कागदपत्रांतून कळते. दर महिन्याला पैसे कुठून येणार, सही कुणाची चालणार, शिक्षकांना पगार कोण देणार, आणि ज्या सरकारच्या नावाने पावती फाडायची ते सरकारच नाहीसे झाले तर काय करायचे? मला वाटते, संग्रहालयातली सर्वांत मोलाची वस्तू एखादी खर्चाची वही असेल. छायाचित्रांतले हसरे चेहरे पाहून माणूस हेलावतो, पण मदत कशी उभी राहते हे त्याला हिशेबाच्या वहीवरूनच समजते.

यजमानांचे घर मात्र या कथेत जवळजवळ कुठेच नाही. वळिवड्याची वसाहत उभी राहत होती, त्या वर्षांत कोल्हापूर आणि आसपासचा मुलूख शांत नव्हता. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला झाला, त्यात तरुणांनी प्राण दिले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालू होते. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पुणे–मिरज मार्गावर शेणोलीजवळ सरकारी पगार घेऊन जाणारी गाडी अडवून लुटली. पुण्याहून कोल्हापूरला येणारी रेल्वे याच मार्गाने येते, आणि पोलिश कुटुंबांच्या पहिल्या तुकड्या वळिवड्याला पोचू लागल्या त्याही याच सुमारास. ज्या सरकारला हाकलण्यासाठी प्रतिसरकारची पोरे रानोमाळ हिंडत होती, त्याच सरकारच्या यंत्रणेमार्फत वळिवड्याच्या मुलांना दूध मिळत होते. ही दोन सत्ये एकमेकांना खोडत नाहीत. पण प्रदर्शनात त्यांतले एकच मांडले, तर त्या वर्षांचे चित्र अर्धे राहते. त्याच काळात पुरंदर आणि सातारा इथे जर्मन वगैरे ‘शत्रुदेशीय’ नागरिकांना नजरबंदीत ठेवले होते, आणि अहमदनगरच्या किल्ल्यात काँग्रेसची कार्यकारिणी कैदेत होती. एकाच प्रांताच्या भूमीवर, एकाच सरकारच्या हुकमाने, कुणाला आसरा मिळत होता आणि कुणाला तुरुंग.

घरातले युद्ध याहूनही साध्या वस्तूंत होते. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि रांग, शिधापत्रिका, काळाबाजार हे शब्द रोजच्या बोलण्यात आले. रॉकेल मिळेना, कापड मिळेना. चांदी वाचवण्यासाठी १९४० मध्येच रुपयातली चांदी कमी केली होती आणि एक रुपयाची कागदी नोट आली होती. १९४३ पासून तांबे वाचवण्यासाठी भोकाचा पैसा निघाला. तो आजही अनेक घरांत जुन्या डब्यात सापडतो, पण तो युद्धाने पाडलेला आहे, हे त्या घरातल्या मुलांना ठाऊक नसते. कोल्हापूर ही चित्रपटांची नगरी. कच्ची फिल्म परदेशातून येत असल्याने १९४२ मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११ हजार फुटांवर आणली आणि पुढे फिल्म परवान्यावर मिळू लागली. खेड्यात शेतकऱ्याला लेव्ही भरावी लागली. १९४२–४३ मध्ये विजापूर भागात दुष्काळ होता. १९३९ ते १९४५ या काळात चलनातल्या नोटा पाच-सहा पटींनी वाढल्या आणि ठरलेल्या पगारावर जगणाऱ्यांचे कंबरडे मोडले. शहरात हे सगळे रेशन दुकानाच्या रांगेत दिसत होते. खेड्यात ते तितके नजरेत येत नव्हते, म्हणून त्याच्या आठवणी नीट नोंदवल्या गेल्या नाहीत, आणि आता त्या नोंदवणे अवघड होत चालले आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की निर्वासितांच्या दालनात यजमानांची गाऱ्हाणी कशाला? त्याने पाहुण्यांचा अपमान होईल, आपण उपकार मोजतो आहोत असे दिसेल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण अशी मांडणी चुकीच्या हातात गेली तर ‘आमचे लोक उपाशी आणि परक्यांना पुरणपोळी’ अशा विखारी वाक्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. म्हणून प्रमाण आधी सांगितले पाहिजे. पाच हजार माणसांच्या पोटासाठी लागणारे धान्य हे त्या काळच्या टंचाईचे कारण नव्हते आणि असूही शकत नव्हते. टंचाईची मुळे वेगळीच होती. ब्रह्मदेश पडल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता, आणि मित्रराष्ट्रांच्या लष्करी खर्चाचा मोठा वाटा हिंदुस्थान रुपयांत उचलत होता. त्याची परतफेड लंडनच्या खात्यात पौंडांत जमा होत होती. युद्ध संपले तेव्हा ही शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. कागदावर हिंदुस्थान सावकार झाला होता, पण इथला माल आणि मजुरी युद्धासाठी निघून गेली होती आणि बाजारात नोटांचा पूर आला होता. वळिवड्याच्या खर्चाची जात तीच होती. पैसा लंडनच्या हिशेबात, आणि धान्य, दूध, लाकूड, कौले, मजुरी इथली. पण त्या अवाढव्य रकमेपुढे तो खर्च नगण्य होता. हे मांडल्याने पोलिश बायकांवर कसलेही ऋण चढत नाही. उलट, स्वतःच्या घरात टंचाई असताना ज्या गावांनी परक्या बोलीच्या माणसांशी बाजार केला, शेजार केला, त्यांच्या वागण्याला खरे वजन येते. भरल्या घरातून दिलेल्या भाकरीपेक्षा ओढगस्तीच्या घरातून दिलेल्या भाकरीची नोंद अधिक काळजीपूर्वक व्हायला हवी.

यजमानांच्या घरात तेव्हाचा बंगालही येतो, असे मी म्हटले, तर दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येऊ शकतो. बंगालचा दुष्काळ किंवा ब्रह्मदेशातून पायी आलेले हिंदी निर्वासित यांचा कोल्हापूरशी काय संबंध? स्थानिक संग्रहालयाने स्थानिक राहावे. माझे उत्तर असे की, वळिवडे ही मुळात स्थानिक घटना नाहीच. पोलंड, सायबेरिया, पहलवी, कराची, लंडन एवढे सगळे ज्या कथेत येते, तिथे फक्त कलकत्ता वगळणे ही निवड आहे, आणि त्या निवडीचे समर्थन करावे लागेल. १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. आदल्याच वर्षी ब्रह्मदेशातून लाखो हिंदी लोक डोंगर-जंगलातून चालत आले, वाटेत हजारो मेले, आणि गोऱ्या निर्वासितांना वेगळी सोय मिळाल्याच्या तक्रारी तेव्हाच झाल्या होत्या. ९ नोव्हेंबर १९४३ रोजी वॉशिंग्टनमध्ये ४४ देशांनी यूएनआरआरएच्या करारावर सह्या केल्या. हिंदुस्थानच्या वतीने गिरिजाशंकर बाजपेयी यांनी सही केली आणि पुढे हिंदुस्थानने काही कोटी रुपयांची वर्गणीही दिली. पण ही मदत शत्रूच्या तावडीतून मुक्त झालेल्या प्रदेशांसाठी होती. बंगाल शत्रूच्या ताब्यात कधी गेलाच नव्हता, म्हणून तो त्या व्याख्येत बसेना. अमेरिकेतल्या हिंदी मंडळींनी खटपट करून १९४४ मध्ये अमेरिकन काँग्रेसकडून नियमात दुरुस्ती करून घेतली, तरी बंगालच्या भुकेल्यांच्या ताटात त्यातून काही पडले नाही. भुकेला देश वर्गणी देतो आणि मदतीस मात्र अपात्र ठरतो, हा प्रसंग मदतीच्या इतिहासात फार मोठा आहे. तीच संघटना पुढे वळिवड्याच्या छावणीत काम करू लागली. मदत कुणाला मिळते हे केवळ दुःखाच्या मापावर ठरत नाही. त्या माणसांसाठी कोणते सरकार उभे राहते आणि नियमात कोणता शब्द आहे, यावरही ते ठरते. हे समजावून सांगायला महाराष्ट्रात वळिवड्याहून योग्य जागा मला दिसत नाही.

आणि संबंधच शोधायचा तर इटलीत शोधा. वळिवड्यातल्या कित्येक मुलांचे बाप, भाऊ आंदेर्स यांच्या सैन्यात होते. ते सैन्य इराण, इराक, पॅलेस्टाइनमार्गे इटलीत लढायला गेले, मे १९४४ मध्ये मोन्ते कासिनोचा मठ त्यांनी घेतला. त्याच मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. कुलाबा जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना वाचवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, बाजूच्या आघाडीवर पोलिश तुकड्यांनीही हल्ला चढवला होता. वळिवड्याच्या बराकीत एक बाई इटलीतल्या पत्राची वाट पाहत होती, आणि कोकणात, देशावर कित्येक आया पोस्टमनची आणि मनिऑर्डरची वाट पाहत होत्या. दोन्हीकडची माणसे एकाच सेनापतीच्या हाताखाली लढत होती. वॉर्सात कोल्हापूर स्मारक आणि मोन्ते कासिनोचे स्मारक यांना एकाच भेटीत अभिवादन होते. कोल्हापुरात मात्र हा धागा कुणी जोडलेला नाही. घरातले युद्ध दाखवणाऱ्या दालनासाठी याहून चांगला दुवा मागूनही मिळणार नाही.

तिसरी अडचण व्यवहाराची आहे. वस्तू उरल्या कुठे? बराकी पडल्या, त्यांच्या जागी घरे आणि दुकाने झाली. पण त्या बराकी का राहिल्या नाहीत, यातच प्रदर्शनाचा एक मोठा भाग दडला आहे. पोलिश लोक १९४८ पर्यंत गेले. कुणी ब्रिटनला, कुणी आफ्रिकेला, कुणी पोलंडला, काही तरुणींनी इथेच लग्ने केली. त्याच बराकींत फाळणीने घर गमावलेली सिंधी कुटुंबे आली आणि तिथे गांधीनगर उभे राहिले. आज कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून ते दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक आहे. एकाच छपराखाली लागोपाठ दोन निर्वासित समाज राहिले. एकाला आखून उभारलेल्या छावणीची व्यवस्था मिळाली, आंतरराष्ट्रीय पैसा मिळाला, स्वतःच्या भाषेतल्या शाळा मिळाल्या. दुसऱ्याला रिकाम्या बराकी मिळाल्या आणि बाकीचे त्याने हिमतीवर उभे केले. पोलिश दालनाच्या शेवटी सिंधी समाजाचा उल्लेख एका ओळीत आटोपला, तर तो फार मोठा अन्याय होईल. गांधीनगरच्या रहिवाशांना या संग्रहालयात शेजारी म्हणून बोलावून चालणार नाही. ही त्यांचीही जागा आहे.

साधनांचा प्रश्न मग उरत नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात दरबारचे कागद आहेत, दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार आहे, लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररी आणि सिकोर्स्की संग्रहालय आहे. वळिवड्यात वाढलेल्या लोकांनी लंडनमध्ये संघटना काढून स्वतःचा इतिहास तपशिलाने लिहून ठेवला आहे. त्या बाजूची आठवण जपली गेली. आपली बाजू कोरी आहे. वसाहतीत भाजी, दूध, कापड विकायला जाणारे, तिथे झाडलोट आणि बांधकाम करणारे, टांगे हाकणारे, दवाखान्यात काम करणारे, यांच्या नोंदी कुणी केल्या नाहीत. १९४३ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. इमारतीचा आराखडा, फित कापणे, राजदूतांची भेट, हे सारे सावकाश होऊ शकते. या नोंदींचे काम थांबू शकत नाही.

म्हणून माझी विनंती इमारतीच्या आधीची आहे. संचालनालयाने या वर्षीच, शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाला सोबत घेऊन, वळिवडे, गांधीनगर, उचगाव आणि करवीर तालुक्यातल्या वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घ्यावे. घरोघरी पडून असलेल्या शिधापत्रिका, भोकाचे पैसे, सैनिकांची पत्रे, छावणीतल्या एखाद्या बाईने विणून दिलेला रुमाल, हे लोकांकडून मागवावे, आणि ज्याचे त्याच्या नावाने नोंदवावे. दालनातली पाटी मराठी, पोलिश, सिंधी आणि हिंदीत असावी. छत्रपती घराण्याचा वाटा तिथे मानाने आणि नेमकेपणाने सांगितला जावा, कारण नेमकेपणाने सांगितलेल्या गोष्टीला अतिशयोक्तीची गरज पडत नाही. आणि निधी अपुरा असेल, तर आधी माणसांचे बोलणे टिपून घ्यावे, भिंती नंतर बांधाव्यात.

आपला,
एक नागरिक